आक्रसलेली अकरा झाडे

नाशिक, गुरुवार

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

परवा भर पावसात तू लॅपटॉप ओढणीत गुंडाळून आमच्याकडे आलीस, तासभर बोललीस, आणि मी काहीही उत्तर न देता तुला दोनदा चहा पाजून परत पाठवले, याची मला रात्री लाज वाटली. सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. बोलू लागलो असतो तर माझा आवाज चढला असता, आणि घरात पाहुणे होते. म्हणून लिहितो आहे. पत्र लांबेल. त्यातला माझ्या रडगाण्याचा भाग कंटाळवाणा वाटला तर सोडून दे. मोजणीविषयीचा सोडू नकोस.

तुझा पेच मला समजला तो असा. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या शेतांच्या बांधांवर आणि एका गावाने राखलेल्या रानात मिळून तू 412 झाडांना पाट्या ठोकल्यास, त्यांचे घेर मोजलेस, पुन्हा जाऊन मोजलेस, आणि दुसऱ्या मोजणीत त्यांपैकी अकरा झाडे पहिल्यापेक्षा बारीक निघाली. तुझे मार्गदर्शक म्हणतात की झाड काही आक्रसत नाही, तेव्हा तिथे शून्य वाढ लिही आणि प्रबंध पुढे ने. जी कंपनी तुला नोकरी देऊ करते आहे तिला त्या अकरांशी देणेघेणे नाही. उरलेल्या 401 झाडांवरून पुढच्या 30 वर्षांच्या वाढीचा आलेख तिला हवा आहे, म्हणजे शेतकऱ्यांच्या झाडांत पुढे साठणारा कार्बन आजच क्रेडिट म्हणून विकायला काढता येईल. आणि तू मला विचारलेस की रानेच्या राने तुटत असताना, लाकडाला एवढी मागणी असताना, आपण मिलिमीटरांपाशी अडून बसलो आहोत हे हसण्यासारखे नाही का.

नाही. असते तर मी परवाच हसलो असतो. संशोधन कशासाठी करायचे आणि रान का टिकवायचे हे तुला शिकवायला मी बसलेलो नाही. ते तुझ्या मनात नसते तर तू इतक्या वेळा एसटीने सावळघाट ओलांडून गेली नसतीस. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. त्या अकरा झाडांपाशी परत जा. शून्य लिहू नकोस, ओळ खोडू नकोस, सरासरीत बुडवू नकोस. झाडापाशी परत जा.

माझे वडील जुन्या नाशकातल्या एका लाकडाच्या वखारीत मुनीम होते. ओंडक्याचे माप घ्यायला त्यांच्याजवळ टेप असे, पण विश्वास सुतळीवर. ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळायची, टोक जिथे भेटेल तिथे चिमटीत धरायची, मग ती दोनदा दुमडायची. हाती आलेला चौथाई घेर त्यानेच गुणायचा आणि आलेल्या उत्तराला लांबीने गुणायचे, की झाले घनफूट. शाळेत वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकल्यावर मी मोठ्या रुबाबात त्यांना गणित मांडून दाखवले, की या रीतीने गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळापैकी 78.5 टक्केच भरते, म्हणजे तुमचे माप खोटे आहे. ते रागावले नाहीत. ओंडका करवतीवर चढला की चारी कडांचे तुकडे आणि भुसा जायचाच, तो जाणारा भाग या मापाने आधीच सोडून दिलेला असतो, असे म्हणून त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली आणि तोच ओंडका मला तीनदा मोजायला लावला. माझी तीन वेगळी उत्तरे आली. "माप खोटं नसतं," ते म्हणाले, "आपण काय मोजतोय ते आपल्याला माहीत नसतं." पुढे मी डेहराडूनला शिकलो, लाकडाचे निर्दोष नमुने कापून त्यांची ताकद कशी तपासायची याचे आयएस 1708 हे मानक पाठ केले, पण या एका वाक्यापलीकडचे फारसे काही मला कुणी शिकवले असे वाटत नाही.

आता तुझी अकरा झाडे घेऊ. त्यांपैकी आठ सादडे आहेत, हे तू बोलण्याच्या ओघात सांगितलेस आणि पुढे गेलीस. मी तिथेच थांबलो. (वहीत तू त्याला ऐन लिहिले आहेस. त्या तालुक्यांत लोकांशी बोलायचे असेल तर सादडा म्हण.) सादड्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि जाड असते, तिचे खवले निघतात, आणि टेप लावण्यापूर्वी कुणी हाताने साल खरवडून साफ केली असेल तर घेर कमी भरणारच. शिवाय तुझी पहिली मोजणी ऑक्टोबरात झाली आणि दुसरी मे महिन्यात. पावसाळा सरता सरता खोड पाण्याने भरलेले असते. उन्हाळ्यात तेच खोड पाणी गमावते आणि अगदी थोडे, पण टेपला कळेल इतके, आक्रसते. तेव्हा झाड आक्रसत नाही हे तुझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे मुळातच बरोबर नाही. त्यातून पहिल्या खेपेला तुझ्याबरोबर महाविद्यालयातली मुले होती आणि दुसऱ्या खेपेला एक निवृत्त वनरक्षक. आपल्याकडे छातीची उंची म्हणजे 1.37 मीटर, कारण ती जुन्या साडेचार फुटांची आहे. बाहेरच्या बऱ्याच देशांत, आणि म्हणून बऱ्याच पुस्तकांत, ती 1.30 मीटर असते. मुलांनी पुस्तकाप्रमाणे मोजले आणि वनरक्षकांनी हाताच्या सवयीप्रमाणे, असे तर झाले नाही? खोड वर निमुळते होत जाते. सात सेंटिमीटर वर सरकलेली टेप हळू वाढणाऱ्या झाडाच्या वाढीतला बराच भाग गिळू शकते, आणि उतारावरच्या झाडाला एकाने चढाच्या बाजूने आणि दुसऱ्याने उताराच्या बाजूने उंची धरली असेल तर काही विचारायलाच नको.

पण माझ्या डोक्यात घोळते आहे ते वेगळेच. तुझे सादडे बांधावर आहेत. नागलीची आणि भाताची रोपे टाकण्याआधी तिकडचे शेतकरी वाफ्यावर राब भाजतात, म्हणजे फांद्या आणि पाला पसरून जाळतात, आणि राबाला ज्या झाडांच्या फांद्या उतरवल्या जातात त्यांत सादडा असतोच. तुझ्या दोन मोजण्यांच्या मध्ये कुणाच्या फांद्या उतरल्या, किती उतरल्या, याची तुझ्या वहीत एक ओळ नाही. ज्या झाडाचा सगळा पाला गेला त्याने पुढच्या पावसाळ्यात खोड जाड करायचे, की आधी फांद्या फोडायच्या? माझी ही शंका खरी निघाली तर ती तुझ्या मोजणीतली चूक राहत नाही; तो तुझ्या प्रबंधातला सर्वांत कामाचा तक्ता होतो. किती फांद्या घेतल्या तर झाड किती मागे पडते, किती वर्षांनी ते भरून काढते, हे त्या शेतकऱ्याला हवे आहे, कारण त्याला यंदा राबही हवा आहे आणि नातवाच्या वेळी घराला लाकूडही हवे आहे. रान राखून वापरायचे म्हणजे काय, याचा याहून खरा प्रश्न मला माहीत नाही. आणि तू तिथे शून्य लिहिणार होतीस! उत्तर लॅपटॉपात नाही. बांधाच्या मालकाला विचार की गेल्या खेपेला राब कुठल्या झाडाचा घेतला होता. ते विचारायला झाडापाशी परत जा.

एक गोष्ट मात्र रागावूनच सांगितली पाहिजे. तू दोन मोजण्यांतल्या फरकाला एकोणिसाने भागलेस, कारण मध्ये एकोणीस महिने गेले, आणि बाराने गुणून वार्षिक वाढ काढलीस. अगं, ऑक्टोबर ते पुढल्याच्या पुढल्या वर्षीचा मे, यात हिवाळे दोन, उन्हाळे दोन, आणि पावसाळा एकच आहे. आपल्या पानझडीच्या रानात साग काय आणि सादडा काय, वाढतात ते मुख्यतः पावसाळ्यात; कोरडे महिने ते नुसते तग धरून असतात. एका पावसाळ्याची वाढ तू एकोणीस महिन्यांवर पसरलीस, म्हणजे तुझ्या सगळ्याच झाडांची वार्षिक वाढ एक तृतीयांशाहून जास्त कमी दिसणार. अकरा झाडे चुकलेली आणि 401 बरोबर, अशी तुझी समजूत होती ना? त्या अकरांपाशी अडलो म्हणून निदान 401 मधली चूक सापडली. हे तुला लॅपटॉपने सांगितले नाही, कारण त्याला पाऊस माहीत नाही. तुला माहीत आहे. तू तर भिजतच आली होतीस.

शाश्वत हा शब्द हल्ली प्रत्येक पत्रकावर असतो. लाकडाच्या बाबतीत तो सॅक्सनीतल्या खाणींपाशी रुजला. खनिज वितळवायला लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या खाणखात्यातल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 साली मांडले की जेवढे पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे. वाचायला सोपे आहे. पण वाढले किती, हे सांगायचे कुणी? शाश्वत या शब्दाखाली शेवटी एक वजाबाकी असते, आणि वजाबाकीला दोन संख्या लागतात, त्याही एकाच झाडाच्या. जर्मनीत 1870च्या दशकापासून काही प्लॉट, म्हणजे रानाचे आखून ठेवलेले तुकडे, पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले. ज्याने पहिली मोजणी केली त्याचा पणतूही आता म्हातारा असेल. त्या नोंदींवरून 2014 साली दिसून आले की तिथली स्प्रूस आणि बीच ही झाडे पूर्वीपेक्षा जलद वाढत आहेत. ऐकायला गोड आहे. मग त्याच दीर्घ नोंदींचा धागा धरून लाकूड तपासले गेले, आणि 2018 साली कळले की 1900 पासून त्याची घनता 8 ते 12 टक्क्यांनी उतरली आहे. लाकूड जास्त, पण हलके. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला साधारण निम्मा भाग कार्बन असतो, तेव्हा नुसत्या घेरावरून कार्बन विकायला निघालेल्यांनी हे आधी वाचावे. आपल्याकडे मुदुमलाईच्या रानात भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी 1988च्या सुमारास 50 हेक्टरांचा प्लॉट आखला, एक सेंटिमीटर जाडीच्या खोडापासून प्रत्येकाला नंबर दिला, आणि हत्ती, वणवे, दुष्काळ यांतून ते तिथे पुन्हा पुन्हा जात राहिले. पहिली मोजणी कुणीही करतो. उत्साह असतो, सोबत मुले असतात, फोटो निघतात. दुसरीला निम्मे लोक येतात. तिसरीला तू एकटी असशील, आणि खरे काम तिथून सुरू होते.

आता रडगाणे. 1990च्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा आणि वीस वर्षांनी श्रीमंत व्हा, अशा योजनांचे पेव फुटले होते. मी तेव्हा जिल्ह्यातल्या बागायती सागाचे काही प्लॉट पाच वर्षे मोजत आलो होतो. द्राक्षाच्या जमिनीत, पाणी आणि खत देऊन वाढवलेला साग पहिली काही वर्षे डोळे दिपावेत असा वाढतो, आणि माझे आकडे तसेच होते. अशाच एका योजनेच्या माणसाने माझ्याकडे दोन पानी अभिप्राय मागितला. मी लिहिले की वाढीचा सध्याचा वेग जर पुढेही टिकला, तर विसाव्या वर्षी घेर इतका होऊ शकेल. पत्रक छापून आले तेव्हा "जर" आणि त्याच्या मागचे सगळे गळले होते. राहिला होता घेर, त्यावरून काढलेले घनफूट, त्यावरून काढलेले रुपये, आणि खाली माझे नाव व पदवी.

तू विचारले नव्हतेस, तरी सांगतो की त्या अभिप्रायाची कार्बन कॉपी माझ्याजवळ आजही आहे आणि तिच्यात "जर" स्वच्छ वाचता येतो. मानधन मी घेतले नव्हते. त्या काळात असली पत्रके ढिगाने निघत होती. माझा अभिप्राय नसता तर दुसऱ्या कुणाचा असता. पत्रक पाहिल्यावर मी त्यांना रागाचे पत्र लिहिले होते, त्याचीही प्रत आहे. वर्षानुवर्षे मी हे स्वतःला सांगत आलो आणि आता तुलाही सांगून बसलो, आणि लिहून झाल्यावर लक्षात येते आहे की यातले एकही वाक्य झाडाबद्दल नाही.

1999 साली सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांना नियम लावले. त्यानंतर दोन वर्षांनी सिन्नरकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक ते पत्रक घेऊन माझ्या कार्यालयात आले. योजनेच्या दाराला कुलूप होते. भांडायला आले असतील असे वाटून मी कार्बन कॉपीची फाइल पुढे ओढली. त्यांनी पत्रकावरच्या माझ्या नावावर बोट ठेवले आणि एवढेच विचारले, "साहेब, माझं झाड वाढतंय ना?" मला उत्तर देता येईना. पाचव्या वर्षी प्रकल्पाचा निधी संपला तेव्हापासून मी माझ्याच प्लॉटांकडे फिरकलो नव्हतो, आणि त्यांच्या झाडाकडे तर मी कधी गेलोच नव्हतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे गेलो. लागवड दोन मीटर बाय दोन मीटर अंतरावर होती, म्हणजे एकरी साधारण हजार झाडे. अशा रोपवनात पाचव्या वर्षाच्या आसपास पहिली विरळणी करून निम्मी झाडे काढतात, तेव्हा कुठे उरलेल्यांना उजेड आणि मुळांना जागा मिळते. तिथे एकही झाड काढलेले नव्हते, कारण प्रत्येक झाड कुणा ना कुणाला नंबर देऊन विकलेले होते. कुणाचे काढायचे? सगळी झाडे काठीसारखी उंच गेलेली, शेंड्याला पानांचा एकेक झुबका, एकमेकांच्या सावलीत दाटीने उभी. मास्तरांच्या झाडाचा नंबर पुसट झाला होता, पण तिसऱ्या ओळीतले सातवे, हे त्यांना पाठ होते. मी टेप लावली आणि आकडा सांगितला. त्यांनी खिशातले पत्रक काढले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. खोडावर वाळवीची माती चढली होती ती रुमालाने खालपर्यंत पुसून काढली आणि म्हणाले, "उभं आहे."

त्या पावसाळ्यानंतर मी माझ्या जुन्या प्लॉटांचा शोध घेतला. तीन शिल्लक होते. ते मी तेव्हापासून दरवर्षी, पाऊस ओसरला की त्याच पंधरवड्यात, स्वखर्चाने मोजत आलो आहे. निवृत्तीनंतरही. घरात याला माझी वारी म्हणतात आणि त्यात कौतुक फार नसते. म्हणून तुझ्या त्या 30 वर्षांच्या आलेखाचे ऐकून माझे हात थंड पडले. एका पावसाळ्याची वाढ, आणि तिच्यावर 30 वर्षे! माझ्याजवळ निदान पाच पावसाळे होते.

लाकूड तोडून झाल्यावर तरी ही कटकट संपते, असे समजू नकोस. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे जे संरक्षक द्रावण काढले ते जगभर खांबांना आणि कुंपणाच्या लाकडाला वापरले गेले. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत 2003 च्या अखेरीपासून ते घरगुती लाकडातून मागे घेण्यात आले, इतका काळ ते टिकले. असले द्रावण चालते की नाही हे कळायला खुंट्या जमिनीत पुरतात आणि वर्षानुवर्षे जाऊन त्या कुजल्या का, वाळवीने खाल्ल्या का, हे पाहतात. त्या जागेला या विषयातले लोक ग्रेव्हयार्ड म्हणतात. मीही गिरणारे गावाकडे टोमॅटोच्या मांडवाला लागणाऱ्या बांबूंची अशी चाचणी लावली होती. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडमध्ये मुरवलेला बांबू छपराखाली उत्तम राहतो, पण ओल्या मातीत बोरॉन हळूहळू धुऊन जाते, हे पुस्तकात आहे. आपल्या मातीत, आपल्या पावसात ते किती वर्षांत जाते हे मला पाहायचे होते. तीन वर्षे गेलो. चौथ्या वर्षी जाणे झाले नाही. पाचव्या वर्षी गेलो तर तिथे बंगल्यांसाठी आखणी झाली होती. प्लॉट या शब्दाचा तो अर्थ मी विसरलो होतो.

आणि निर्यातीच्या द्राक्षांचेच बघ. द्राक्षपेट्या ज्या लाकडी पॅलेटवर रचून जातात ते पॅलेट, लाकडातली कीड परदेशी जाऊ नये म्हणून, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवावे लागते, आणि हे तापमान लाकडाच्या थेट गाभ्यात यावे लागते. एका भट्टीवर मी तापमापक दाखवा म्हटले तर मालकाने भिंतीकडे बोट दाखवले. काटा 56 च्या पुढे होता, तो हवेचा. फळीला भोक पाडून तापमापकाची सळई आत सारली तेव्हा गाभा अजून कोमटच होता. मालक माणूस सरळ होता, त्याने तेव्हाच वेळ वाढवली. पण त्या दिवसापर्यंत पॅलेटवर तापवल्याचे शिक्के पडतच होते. भिंतीवरचा काटा वाचून शिक्का मारणे आणि झाडापाशी न जाता 30 वर्षांचा आलेख काढणे, यांत मला फरक दिसत नाही.

नोकरीचे म्हणशील तर घे. बिनपगारी तपश्चर्येचे कौतुक मला कधीच वाटले नाही. ती तपश्चर्या घरचे लोक करतात आणि नाव आपले होते. फक्त नेमणुकीच्या पत्रात लिहून माग की दरवर्षी पावसानंतर त्याच झाडांच्या मोजणीसाठी तुला वेळ आणि प्रवासखर्च मिळेल. मिळत नसेल तर आलेखावर तुझे नाव देऊ नकोस. आणि आलेख दिलाच, तर "जर" त्याच ओळीत, त्याच जाडीच्या अक्षरांत छापून घे. तळटीपेत टाकलेला "जर" कुणी वाचत नाही, हे माझ्याकडून ऐक. मार्गदर्शकांशी भांडू नकोस. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांना मार्चपर्यंत तुझा प्रबंध खात्यात दाखवायचा आहे. त्यांना सांग की ऑक्टोबरात तिसरी मोजणी करते, पहिलीच्याच पंधरवड्यात, म्हणजे ऑक्टोबर ते ऑक्टोबर पूर्ण दोन पावसाळ्यांची वाढ हाती येईल आणि उन्हाळ्याच्या आक्रसण्याचा प्रश्नच उरणार नाही. मे महिन्याची मोजणी फेकू नकोस. ती वेगळ्या रकान्यात ठेव. सादडा उन्हाळ्यात किती आक्रसतो हे तिच्यातूनच कळेल.

तोपर्यंत मोजायचे नाही, पाहायचे आणि विचारायचे. सोमवारी सकाळी सातच्या पेठ गाडीने मी येतो आहे. जुन्या सीबीएस बसस्थानकावर भेट. माझे गुडघे उताराला कुरकुरतात, तेव्हा रानातल्या तीन झाडांकडे तू एकटी जा, बांधावरचे आठ सादडे आपण दोघे पाहू. तुझी पहिल्या मोजणीची मूळ वही आण, टाइप केलेली नको, मुलांच्या हाताची, चिखलाचे डाग असलेली. कुणी किती उंचीवर टेप धरली हे खाडाखोडीत कुठेतरी सापडते. प्रत्येक झाडावर 1.37 मीटरवर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारू, रंग आणि ब्रश माझ्याकडे आहेत, सालीला फडक्याने पुसायचे, खरवडायचे नाही. 217 नंबरची पाटी गळून पडली आहे असे तू म्हणालीस, तिच्यासाठी ॲल्युमिनिअमचा खिळा घेतला आहे. लोखंडी असला तर उद्या हे झाड करवतीवर गेल्यावर पाते जायचे. तो पट्ट्यापासून दूर ठोकायचा आणि बोटभर बाहेर ठेवायचा, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत खोड पाटीला गिळून टाकते. डबा आणू नकोस, आमच्याकडून दोघांचा येईल.

तुझा,
काका